आधी माझी झडती घ्या

झडती घेणं हे हलकं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं हे पान उलटून पुढच्या कवितेकडे जावं. मी आयुष्यभर माणसांच्या खिशांवर, कमरेवर, पाठीवर हात फिरवून पोट भरलं. आधी कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर, मग एका बाजार समितीच्या गोदामावर आणि म्हातारपणी विमानतळाच्या दारात. शाळा चौथीपर्यंत. दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, माझ्या हातानं लिहीन. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सुधारा, शब्दाला हात लावायचा नाही. लावायचाच असला तर मला विचारून लावा. झडतीचाही हाच नियम आहे.

नाव सुपडू. गाव एरंडोलकडचं. विमानतळ कुठला ते लिहीत नाही, कारण दोष जागेचा नव्हता.

पहिल्यांदा हे काम काय असतं ते सांगतो. दारात एक लोखंडी कमान असते. तिच्यातून माणूस गेला आणि अंगावर धातू असला की ती वाजते. मग त्याला बाजूच्या लाकडी पाटावर उभं करायचं, हात पसरायला सांगायचे आणि हातातलं काळं यंत्र अंगावरून फिरवायचं. यंत्र जिथे कुरकुरलं तिथे हातानं बघायचं. मोठ्या शहरात हे सगळं बंदूकवाले सरकारी जवान करतात. आमच्याकडे आत पोलीस होते, पण दारातली पहिली तपासणी ठेक्याच्या माणसांकडे, म्हणजे आमच्याकडे होती. बायकांची तपासणी बाईनंच करायची, तीही पडद्याआड. हा नियम मला कुणी दोनदा सांगितला नाही. सांगावा लागतो त्याला कामावर घेऊ नये.

आमच्या भागात कमान वाजते ती बहुतेक चुन्याच्या डबीमुळे. अर्धा खानदेश चुन्याच्या डबीनं वाजतो. उरलेला करदोड्याला बांधलेल्या किल्लीनं. माणूस सगळं काढून ठेवतो, घड्याळ, पट्टा, मोबाइल, आणि करदोड्याची किल्ली विसरतो, कारण ती त्याच्या अंगाचाच भाग झालेली असते. मी यंत्र कमरेजवळ नेण्याआधीच विचारायचो, "भाऊ, तिजोरी कुठली?" लोक हसायचे. हसलेल्या माणसाचं अंग सैल पडतं आणि सैल अंगाची झडती लवकर होते.

आता माझी एक रीत होती. माझ्यामागे तिची थट्टा व्हायची आणि पुढे तीच रीत कोर्टात गेली, म्हणून ती नीट सांगतो.

तरुणपणी गावात एका घरावर पोलिसांची धाड पडली होती. पंच म्हणून मला धरून नेलं. त्या घरचा म्हातारा दारात थरथरत उभा. हवालदारानं उंबऱ्याबाहेरच टोपी काढली, खिसे बाहेर काढले, बूटसुद्धा काढले आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, आधी आमची झडती घ्या." मला वाटलं, चेष्टा करतो आहे. पण नाही. कायद्याची रीतच ती. जो दुसऱ्याच्या घरात शिरून शोधणार, त्यानं आधी दाखवायचं की आपण मोकळ्या हातानं आलो, घरात टाकायला काही आणलं नाही. म्हाताऱ्यानं हवालदाराच्या खिशांवरून नुसता हात फिरवला आणि त्याची थरथर थांबली. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून जिथे जिथे झडती घेतली तिथे मी आधी स्वतःचं नाव सांगितलं, दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवले आणि म्हटलं, "मी सुपडू. आधी माझी झडती घ्या, मग मी तुमची घेतो." जिनिंगच्या मालकानं विचारलं होतं, "हे काय नाटक?" मी म्हटलं, "शेठ, सरकी मी चोरत नाही हे मजुराला कसं कळणार?" शेठनं परत विचारलं नाही.

विमानतळावर बहुतेक लोक नको नको म्हणत पुढे जायचे. काही खरंच घ्यायचे. एक मोठे पुढारी होते. पांढरे कपडे, मागे चार माणसं. मी यंत्र उचललं तर म्हणाले, "मला ओळखत नाहीस का रे?"

"ओळखतो ना साहेब. म्हणूनच घेतो."

मागची चार माणसं माझ्या अंगावर यायला निघाली. मी पंजे दाखवले आणि म्हटलं, "आधी माझी घ्या." पुढाऱ्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी खरंच माझ्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि विडीचं बंडल बाहेर काढलं. कामावर विडी ठेवायची नाही असा आमचा नियम. ते म्हणाले, "आबा, पकडला गेलात!" मग स्वतः हात पसरून पाटावर उभे राहिले. जाताना बंडल परत दिलं, पण त्यातल्या दोन विड्या काढून घेतल्या. त्याची तक्रार मी केली नाही.

दुसरी एक मावशी आठवते. लेकीकडे चालली होती आणि मांडे करायचं मातीचं खापर पोटाशी धरून आली होती. सगळ्या पिशव्या यंत्रात घालते म्हणाली, पण खापर घालणार नाही. "यंत्राची नजर लागली तर मांडे फाटतात." मागे रांग खोळंबलेली. मी तिला म्हटलं, "मावशी, यंत्राला जेवण लागत नाही, त्याची नजर कशाला लागेल? नजर लागते उपाशी माणसाची. ती माझी लागेल, कारण मी सकाळपासून उपाशी आहे." तेव्हा तिनं पटकन खापर यंत्रात ठेवलं. ठेच्याचं भांडण तर रोजचं. ठेचा पातळ की घट्ट? पातळ पदार्थ चालत नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या बायकोच्या ठेच्याला पातळ म्हणता? तिच्यासमोर म्हणून दाखवा." बायको मागेच उभी होती. मी ठेचा घट्ट ठरवला.

असं हसतखेळत चाललं होतं. माणसं पहिल्यांदा विमानात बसणारी, घाबरलेली, नवे कपडे घातलेली. त्यांना दारातच धीर मिळाला की ती आत नीट जातात. मला वाटायचं, विमान उडवणारा वर बसतो, पण पहिलं उड्डाण मीच करून देतो. हा गर्व म्हणा. असू दे.

आता बनाबाईची गोष्ट.

बनाबाई दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातल्या. शेतकरी घर, नवरा वारलेला. लेक हैदराबादला दिलेली, जावई तिथे कारखान्यात. लेक बाळंत झाली, मुलगी झाली, आणि आईनं पाचवीच्या पूजेला पोचायचं म्हणून जावयानं विमानाचं तिकीट काढलं. पाचवीला बाळाजवळ लोखंड ठेवतात हे आपल्याकडे सांगायला नको. या बाईच्या घरी विळ्याचं एक जुनं पातं होतं, झिजून बोटभर उरलेलं. तिच्या सासूच्या वेळेपासून घरातल्या प्रत्येक बाळाच्या पाचवीला तेच ठेवायचे. भाच्यानं तिला बजावलं होतं की पिशवीत पातं, सुरी काही ठेवू नको, विमानात चालत नाही. बाईनं ऐकलं. पिशवीत ठेवलं नाही. पातं फडक्यात गुंडाळलं, बरोबर मूठभर तांदूळ आणि हळकुंडं बांधली आणि लुगड्याच्या कनवटीला खोचून आली. तिच्या हिशोबानं तिनं नियम पाळला होता.

कमान वाजली.

त्या दिवशी बायकांची तपासणी करणारी आमची शोभा जागेवर नव्हती. कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या चहापाण्याचं बघायला सुपरवायझरनंच तिला आत पाठवलं होतं. सुपरवायझर वयानं माझ्या पोरापेक्षा लहान. कामाला वाईट नव्हता, चपळ होता, पण गणवेश घातला की त्याचा आवाज चढायचा. तो स्वतः पुढे झाला.

"ए बाई, कमरेला काय आहे? काढ."

बनाबाईनं कनवटीवर हात ठेवला. "बाईमानूस कोठे शे? तिले बलावा. मी तिले दखाडस."

"नाटकं नको. मागे लोक थांबलेत."

मी पुरुषांच्या पाटावर एका माणसाला उभं केलं होतं. तिथूनच म्हटलं, "साहेब, पडदा आहे. शोभाला बोलावतो."

"आबा, तुमचं काम करा."

मी माझं काम सोडलं आणि शोभाला आणायला आत धावलो. पुढे कंपनीच्या वकिलानं मला विचारलं की तुम्ही मध्ये उभे का राहिला नाहीत, धावत का गेलात? त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा दिलं, की बाईची अब्रू बाईच राखू शकते, म्हणून बाईला आणायला गेलो. उत्तर खरं आहे. तरी कधी कधी वाटतं, धावण्याऐवजी नुसता आडवा उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. माझ्या पाठीची रुंदी तेवढी होती.

शोभाला घेऊन परत येताना लांबूनच सगळं दिसलं, पोचेपर्यंत ते होऊन गेलं होतं. सुपरवायझरनं त्या काळ्या यंत्राच्या टोकानं बाईचा पदर बाजूला केला होता, सगळ्या रांगेसमोर. कनवटीची गाठ तिला स्वतःच्या हातानं सोडायला लावली होती. तांदूळ फरशीवर पसरले होते. पातं त्याच्या हातात होतं आणि तो ओरडत होता, "हत्यार! हत्यार घेऊन चालली होती!" मग त्यानं फडकं, उरलेले तांदूळ, हळकुंडं, सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाईला जिथे लोक बूट काढून ठेवतात तिथे खाली बसवलं. एका हातात पातं धरून तिच्यासकट फोटो काढला आणि मोबाइलच्या ग्रुपवर टाकला.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे कुणी म्हणू नये की सुपडू लोखंडाची बाजू घेतो. पातं थांबवायलाच हवं होतं. आजही कुणी आणलं तरी मी थांबवीन, माझ्या सख्ख्या बहिणीचंही थांबवीन. पण पातं थांबवणं हे काम होतं. पदराला यंत्र लावणं हे काम नव्हतं. तांदूळ कचऱ्यात टाकणं हे काम नव्हतं. फोटो तर कुठल्याच नियमात नव्हता.

शोभानं बाईला उठवलं, पडद्याआड नेलं, पाणी दिलं. पोलीस आले, त्यांनी विचारपूस केली, भाच्याला फोन लावला, आणि बाई निरपराध आहे म्हणून सोडून दिलं. तोवर विमान गेलं होतं.

बनाबाई बाहेर आली. रडत नव्हती. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सुपरवायझर दोन हातांच्या अंतरावर उभा. त्याच्या नावाची पट्टी जाकिटाच्या आत होती आणि तसंही बाईला वाचता येत नव्हतं.

"भाऊ, यानं नाव काय शे?"

शोभा जमिनीकडे बघत होती. दुसरी पोरं एकदम कामाला लागली, रिकामे ट्रे इकडून तिकडे ठेवायला लागली. सुपरवायझरनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी त्याचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. आणि म्हटलं, "अक्का, मी सुपडू. हे मी पाहिलं असं कुठेही सांगेन."

"आबा," सुपरवायझर म्हणाला, "तुमचं इथलं अन्नपाणी संपलं समजा."

"समजलो," मी म्हटलं.

घरी आलो तर आमच्या घरात कमानीची गरज नाही, बायकोच वाजते. सगळं ऐकून म्हणाली, "एक नाव पोटमा ठेवता नही उनं का तुमले? आते खाशात काय, नाव?"

मी म्हटलं, "पोटात ठेवलं असतं तर भाकरीला जागा राहिली नसती."

"राहिली असती," ती म्हणाली. "तुमनं पोट माले माहीत शे." पण त्या संध्याकाळी तिनं वरणबट्टी केली. एरवी सणालाच करते.

कंपनीचा एक माणूस दोन दिवसांनी आला. गोड बोलणारा. म्हणाला, "आबा, तुम्ही पुरुषांच्या बाजूला होता, तुम्हाला नीट दिसलं नसेल. एवढंच लिहून द्या. ठेका पुन्हा आपलाच आहे, तुमची जागा पक्की." मी म्हटलं, "मला जवळचं दिसत नाही, पेपर वाचायला चष्मा लागतो. लांबचं लख्ख दिसतं. ती बाई लांब होती." तो हसला नाही. पुढच्या महिन्यात ठेक्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. शोभाचं होतं. तिची दोन पोरं शाळेत होती, मी तिला कधी काही म्हटलं नाही आणि कुणी म्हणूही नये.

इकडे तो फोटो बनाबाईच्या आधी तिच्या गावात पोचला होता. बाई दुसऱ्या दिवशी रेल्वेनं हैदराबादला गेली. पाचवी होऊन गेली होती. परत आली तर पाराशी बसलेली माणसं बोलायची थांबायची. भजनी मंडळातल्या बायका तिला बघून पदर सावरायच्या. "बनाबाईला विमानतळावर हत्यारासकट पकडलं," एवढंच गावाला ठाऊक. का सोडलं ते फोटोत येत नाही. तिच्या धाकट्या लेकीला बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि ते सांगायला कुणाला लागतही नाही.

मग भाच्यानं धुळ्याच्या एका वकीलबाईंना गाठलं. तरुण पोरगी, स्कूटरवर फिरणारी. तिनं धुळ्याला ग्राहकांच्या कोर्टात तक्रार लावली, ठेक्याच्या कंपनीवर आणि सुपरवायझरवर. मला विचारायला एरंडोलपर्यंत आली. मी म्हटलं, "आलात कशाला? निरोप धाडला असता तरी आलो असतो."

मी शपथेवर सगळं लिहून दिलं. एक दिवस समोर बोलावलंही. आयुष्यभर दुसऱ्यांना पाटावर उभं केलं, त्या दिवशी मी उभा. कंपनीचे वकील वयस्क, सभ्य माणूस. त्यांचं म्हणणं असं होतं की सुरक्षेचं काम करणाऱ्यानं चांगल्या हेतूनं काही केलं तर त्याला कोर्टात ओढता येत नाही. रोज ओढायला लागलो तर दारात उभं कोण राहील? सगळे घाबरून हात खिशात घालतील आणि एक दिवस खरं हत्यार आत जाईल.

खोटं का लिहू, ते मलाही पटलं. कारण ही भीती खरी आहे. माझ्यावरही लोकांनी तक्रारी केल्या होत्या. एकानं लिहिलं होतं की म्हाताऱ्यानं गुदगुल्या केल्या.

मग कोर्टाच्या अध्यक्ष मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? झडती घेणाऱ्याला जाब विचारावा का?"

मी म्हटलं, "मॅडम, जाब विचारतात म्हणूनच मला कुणी अंगाला हात लावू देतं. माणूस हात पसरून उभा राहतो तो काय यंत्राला घाबरून? त्याला वाटतं, यानं वाकडं केलं तर याला विचारणारं कुणीतरी आहे. ते कुणी नसलं, तर मी आणि खिसेकापू यांत फरक काय?"

कंपनीचे वकील म्हणाले, "पण हेतू?"

"हेतू चांगला असता तर शोभाला बोलावलं असतं. तांब्याभर पाणी पिऊन होईतो ती आली असती."

मॅडमनी हे लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. पण त्यांनी एवढं बोलून दाखवलं की नियम मोडून केलेल्या कामाला चांगल्या हेतूचं पांघरूण घालता येईल असं त्यांना वाटत नाही. त्यानंतर कंपनीच्याच वकिलांनी समझोत्याची गोष्ट काढली. आम्हाला बाजूच्या खोलीत पाठवलं. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. लांब टेबल, एका बाजूला कंपनी, एका बाजूला बनाबाई, भाचा, वकीलबाई. मी दाराशी. सवय.

कंपनीनं रक्कम सांगितली. बनाबाईनं मान हलवली. कंपनीनं रक्कम वाढवली. भाच्यानं तिच्याकडे बघितलं, वकीलबाईंनीही बघितलं.

"माले पैसा नको," बनाबाई म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "हाऊ भाऊ बठ्ठासले आगोदर आपली झडती देस. मी रांगमा उभी व्हती, मी देखं. तशी यानी माले देवानी."

मध्यस्थ बाईंना कळलं नाही. त्या धुळ्याच्या नव्हत्या. वकीलबाईंनी सांगितलं, "त्या म्हणतात, हे आबा प्रत्येकाला आधी स्वतःची झडती देतात, तशी सुपरवायझरनं त्यांना द्यावी. इथे."

कंपनीचे वकील म्हणाले, "असं कुठल्याही कायद्यात नाही."

मध्यस्थ बाई म्हणाल्या, "समझोत्यात दोघांना मान्य असेल ते सगळं असतं. त्यांना विचारा."

सुपरवायझर उठला. इतक्या महिन्यांत तो बारीक झाला होता. गणवेश नव्हता, साधा शर्ट, साधी पँट. गणवेश नसला की हाच माणूस किती तरुण दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. तो टेबलाला वळसा घालून आला आणि बनाबाईसमोर हात पसरून उभा राहिला. रोज हजार माणसांना उभं करायचा तसाच, पाय थोडे फाकवून.

बनाबाईनं त्याला हात लावला नाही. "खिसा उलटा करा," म्हणाली.

त्यानं शर्टाचा खिसा रिकामा केला. पेन, मोबाइल. पँटचा उजवा खिसा. कंगवा, रुमाल, गुटख्याच्या दोन पुड्या. पुड्या काढताना तो माझ्याकडे बघून खाली बघू लागला. मग डावा खिसा. त्यात काही नव्हतं. अस्तर बाहेर आलं ते खालून पूर्ण फाटलेलं, दोरे लोंबणारं. तो घाईघाईनं आत घालायला लागला.

"थांबा," बनाबाई म्हणाली. ती जरा पुढे वाकली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "अस्तर फाटेल शे. घरमा सुई-दोरा नही का?"

त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला लिहिता येत नाही. कान लाल झाले. तो म्हणाला, "अक्का, चूक झाली." कुणी त्याला म्हणायला सांगितलं नव्हतं. समझोत्याच्या कागदात माफीचा शब्द अजून यायचा होता.

"आते समजनं ना?" ती म्हणाली. "बठ्ठासनासमोर फाटेल दखाडानं कसं वाटस?"

"समजलं अक्का."

"बस झायं. भरी ल्या."

त्यानं कंगवा, रुमाल उचलला. गुटख्याच्या पुड्या टेबलावरच राहिल्या. कंपनीच्या वकिलांनी त्या कागदाखाली सरकवल्या.

नंतर बनाबाईनं दुसरी अट घातली. फोटो जिथे पोचला, तिथे माणसानं पोचायचं. कंपनी म्हणाली, पत्र पाठवतो. ती म्हणाली, पत्र गावात कोण वाचणार, माणूस पाठवा. झालेला खर्च तेवढा घेतला, वकीलबाईंच्या आग्रहानं. आणि ठरलं की दारात बायकांची तपासणी करणारी बाई जागेवर नसेल तर रांग थांबवायची, मग पाहुणे कितीही मोठे असोत. हे शेवटचं वकीलबाईंनी घातलं. माझ्या मते सगळ्यात पक्कं काम तेच झालं.

गावात मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण शेवट बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. मारुतीच्या पाराशी माणसं जमली होती. सुपरवायझर एस.टी.नं आला, एकटाच. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर बोलायचं ठरलं होतं, पण त्यानं भोंगा बाजूला ठेवला. म्हणाला, "मी तो फोटो काढला. ही बाई पाचवीचं पातं घेऊन चालली होती. तिनं काही लपवलं नव्हतं. मी नियम मोडला, तिनं नाही." मागून एक म्हातारा ओरडला, "मोठ्यानं बोल, फोटो टाकताना लाजला नव्हतास!" तेव्हा त्यानं भोंगा उचलला आणि सगळं परत सांगितलं. शिवारापर्यंत ऐकू गेलं असेल.

बायकांमधून एक जण उठून बनाबाईजवळ जाऊन बसली. मग दुसरी. मी इतकंच पाहिलं. पुढे धाकट्या लेकीचं लग्न जमलं. मला पत्रिका आली होती.

बनाबाईनं त्याला चहा पिऊन जायला सांगितलं. तो ओट्यावर बसला, कपबशी दोन्ही हातांनी धरून. जाताना मला म्हणाला, "आबा, तुमच्यामुळे माझी नोकरी गेली." मी म्हटलं, "माझीही गेली. आपण दोघं सारखे." तो हसला. आता तो जळगावला एका मोठ्या दुकानाच्या दारात उभा असतो. शोभा सांगत होती की येणाऱ्याला आधी नाव सांगतो. मी खात्री करायला गेलेलो नाही. गेलो तर मलाच पाटावर उभं करील.

एक राहिलं. ते पातं मिळालं नाही. जप्त झालेल्या वस्तूंबरोबर ते भंगारात गेलं, कुठे ते कुणालाच सांगता आलं नाही. बनाबाईनं लोहाराकडून नवं करून घेतलं. "आते ह्याच्यापासून सुरू," म्हणाली. पण तीन पिढ्यांचं लोखंड भंगारात गेलं ते गेलंच. कोर्टाला ते परत आणता येत नाही.

संपादकांनी हे वाचलं आणि मला विचारलं, "आबा, सगळं लिहिलंत, पण त्या सुपरवायझरचं नाव कुठे आहे? तुम्ही तर नावाचा एवढा आग्रह धरता."

मी त्यांना म्हटलं, ते नाव मी एकदा सांगितलं. जिला सांगायचं तिला, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर, आणि भाकरी पणाला लावून सांगितलं. त्याचं काम झालं. मग त्या पोरानं खिसे उलटे केले आणि भर गावात स्वतः उभा राहिला. आता ते नाव त्याचं त्याला परत. अंकात माझं छापा. सुपडू. आणि शंका असली तर आधी माझी झडती घ्या.